इथं उडतं तोच माल

कडुबाकाका,

तुमच्या तेराव्याहून परत येऊन आज बारा दिवस झाले. फर्दापूरला बसमधून उतरले तेव्हा लेणी बघायला आलेल्यांची गर्दी होती. त्या गर्दीतून वाट काढत तुमच्या वस्तीवर पोचले, पण पुढं यायचं धाडस झालं नाही. बाया बसल्या होत्या त्यांच्याही मागं, भिंतीला टेकून उभी राहिले. तुमच्या लेकीनं, जिजानं, ओळखलं. पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "ल्याबवाल्या बाई ना तुम्ही? आबा लई नाव काढायचे तुमचं."

मी मान हलवली आणि तांब्या खाली ठेवला. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून अंगात त्राण नाही. शाळेत जाते, आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवते, घरी येते, आडवी होते. रडू येत नाही. नुसता थकवा येतो, पायापासून वर चढत जाणारा. परवा जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण एकदम तिथं जाता येत नाही मला. आधीपासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलंही सांगते. ऐकून घ्या.

मी बावीस वर्षांची होते. औरंगपुऱ्यातून सिटी बसनं चिकलठाण्याला यायचे. बी.एस्सी.ची पदवी, पिशवीत डबा, आणि आयुष्यातली पहिली नोकरी. वसाहतीतल्या त्या गल्लीत शिरलं की आपला कारखाना कोणता ते विचारावं लागत नसे. फाटकाजवळचे कडुनिंब पांढरे होते. पहारेकऱ्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. आपण गारगोटी दळत होतो, काचेसाठी, चिनी मातीच्या भांड्यांसाठी, रंगासाठी. लोकांना वाटतं दगड दळणं म्हणजे अडाणी काम. मलाही तसंच वाटलं होतं. कॉलेजात रंग बदलणारी द्रावणं शिकले होते. पहिल्या आठवड्यात मिल बघून घाबरलेच. एवढा मोठा लोखंडी ढोल आडवा फिरतोय, आत गोटे आपटताहेत, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

मॅनेजरसाहेबांनी प्रयोगशाळेची खोली दाखवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, तुम्ही रांगत होतात असं तुमची आई सांगायची, म्हणजे तेव्हा तुम्ही पस्तिशी ओलांडलेले. डोक्याला पंचा, पायात टायरच्या चपला.

"बाई, नुसती चाळणी हालवून काय समजंल? वर चला. माल कसा निवडतंय ते बघा आधी."

लोखंडी जिन्यानं तिसऱ्या माळ्यावर नेलंत. पायऱ्या चढताना मला धाप लागली आणि तुम्ही मागं वळून हसलात. वर सेपरेटर होता, मोठ्या नरसाळ्यासारखा. तुम्ही त्याच्या पत्र्यावर हात ठेवून, ओरडून ओरडून समजावलंत. "खालच्या ढोलात दळलेलं समदं पीठ बादल्या वर आणत्यात. पर समदं पीठ सारखं नसतंय. घरच्या जात्यात तरी असतंय का? हितं आत चाक फिरतंय, चाकाला पाती. खालनं वारं. बारीक हाय ते वाऱ्यासंगं पात्यांच्या मधून निसटतंय अन् पुढं जातंय. जाड हाय ते पात्यावर आदळतंय, कडंला फेकलं जातंय, अन् ह्या नळीनं परत ढोलात. पुन्हा दळा. बारीक होईस्तोवर सुटका नाय."

मी वहीत लिहून घ्यायला लागले तर तुम्ही वही खाली करायला लावलीत.

"खळ्यावर उफणणी बघितली का कधी?"

"बघितली. मामाकडं."

"तिथं उडतं ते भूस, पायाशी पडतं ते धान. हितं उलटं हाय. हितं उडतं तोच माल."

मग म्हणालात, चाक जोरात फिरवलं की माल बारीक येतो, आणि वारं वाढवलं की त्याच्या जोरावर जाडही निसटून जातं. दोघांचं भांडण लावून द्यायचं आणि आपण मधे बसून ऐकायचं, हीच काय ती कारागिरी. मी आजवर कितीतरी पुस्तकांत हे वाचलं, काका. आकृत्यांसकट, सूत्रांसकट. तुमच्याएवढं सोपं कुणी सांगितलं नाही. धनगराच्या घरचा माणूस, चौथीपर्यंत शिकलेला, मेंढरं विकून शहरात आलेला, आणि वाऱ्याचा कान असा की सेपरेटरचा आवाज बदलला की जेवता जेवता उठायचा.

आणि ते दाताचं. चिमूटभर पूड घेऊन तुम्ही आधी अंगठ्यावर चोळायचात, मग पुढच्या दातांमध्ये धरायचात. "कचकच लागली की जाड. लोण्यासारखं लागलं की पास." मी हसायचे. आता हसू येत नाही. चौदा वर्षं, दिवसातून किती वेळा ती पूड तोंडात गेली असेल, आणि त्यातली पाच वर्षं हसत हसत मी ती जाताना बघितली.

आपलं पहिलं भांडण चाळणीवरून झालं. आठवतं ना? मी रुजू होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मोठ्या गिऱ्हाइकाचा माल चालला होता, तीनशे मेशचा, म्हणजे इंचाला तीनशे भोकं असलेल्या जाळीतून जाणारा. मी दर तासाला नमुना पाण्यानं चाळणीवर धुवायचे, वर उरलेलं वाळवायचे, तोलायचे. सगळे आकडे ठीक येत होते. तुम्ही दुपारी आलात आणि म्हणालात, "जाड येतंय, बाई."

"काका, माझ्या चाळणीवर काहीच राहत नाहीये."

"मंग तुमची चाळणी खोटं बोलती."

मला राग आला. एवढं शिकून मी इथं बसले आहे आणि हा माणूस दातानं चावून मला खोटं ठरवतो! मी म्हटलं, "तुमचे दात प्रमाण मानायचे का आता?"  तुम्ही सरळ गेलात आणि मिल बंद केलीत. कुणाला न विचारता. अख्ख्या कारखान्यात एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेत मॅनेजरसाहेब धावत आल्याचे पायांचे आवाज मला आजही ऐकू येतात. तुम्ही सेपरेटर उघडलात. तीन पाती झिजून अर्धी झाली होती. त्या फटींतून जाड माल आरामात पुढं जात होता.

"पण लॅबमध्ये कसं कळलं नाही?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात मी खोलीत जाऊन चाळणी खिडकीच्या उजेडात धरली होती. कडेशी, जाळी चौकटीला जिथं मिळते तिथं, बारीकशी चीर होती. उजेडाची एक रेघच दिसली. सगळं जाड त्या चिरेतून पाण्याबरोबर खाली जात होतं, म्हणून माझ्या जाळीवर काही राहत नव्हतं. मी दारात आले तर तुम्ही माझ्या हातातल्या चाळणीकडं पाहिलंत. सगळं समजलं तुम्हाला. आणि तुम्ही साहेबांना म्हणालात, "आत्ताच झिजली असत्याल पाती, साहेब. बाईचा नमुना आदुगरचा हाय."

नंतर मला फक्त एवढंच म्हणालात, "रोज सकाळी उजेडात धरीत जा."

माझी नोकरी वाचली. त्या दिवसापासून मी तुमची झाले, म्हणजे तुमच्या घरातली झाले. माझ्या साखरपुड्याला तुम्ही तुमच्या आईच्या हातचं घोंगडं घेऊन औरंगपुऱ्यात आलात, चार जिने चढून. माझ्या वडिलांशी अवघडून बसलात आणि पोह्यांची बशी रिकामी करून मगच उठलात. ते घोंगडं अजून टोचतं, काका. मऊ झालंच नाही. तरी दर थंडीत काढते.

आता पुढचं लिहायचं आहे. 

चाळणीच्या भांडणानंतर काही महिन्यांनी मला आणि मॅनेजरसाहेबांना एका व्याख्यानाला पाठवलं. वसाहतीतल्या कारखान्यांसाठी ठेवलेलं, एका कॉलेजच्या सभागृहात. एक डॉक्टर बोलले. त्यांनी छातीचे फोटो पडद्यावर दाखवले. म्हणाले, धुळीचे मोठे कण नाकात अडतात, घशात अडतात, खोकून बाहेर येतात. त्यांची फार काळजी नको. डोळ्यांना दिसतही नाहीत असे जे अगदी बारीक, ते श्वासाबरोबर तळापर्यंत जातात आणि तिथंच राहतात. गारगोटीचे असतील तर फुप्फुस आतून वळ उठल्यासारखं कडक होत जातं. धूळ खाणं थांबवलं तरी ते वाढत राहतं. औषध नाही. फक्त आधी टाळता येतं.

मी खुर्चीत बसून ऐकत होते आणि डोळ्यांसमोर तुम्ही होतात. पिशव्यांच्या खोलीत शिरणारे. सेपरेटरमधून निसटलेला सगळ्यात बारीक माल ज्या उंच कापडी पिशव्यांत अडायचा, त्या झटकायला, फाटल्या तर बदलायला, तोंडाला पंचा गुंडाळून तुम्हीच आत जायचात. बाहेर यायचात तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या. पाळी संपली की हवेची नळी घेऊन अंगावरचे कपडे झटकायचात आणि त्या ढगात उभं राहून माझ्याशी बोलायचात.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, "हे खाली कुणाजवळ बोलू नका, बाई. लोक उगीच घाबरतील. आपण करू काहीतरी व्यवस्था."

मी "हो" म्हटलं.

मला कुणी धमकी दिली नव्हती. कामावरून काढू असं कुणी म्हणालं नव्हतं. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःला वेगळं सांगत आले. माझी नोकरी कायम व्हायची होती, वडील निवृत्त झाले होते, हे सगळं खरं आहे. पण खरं कारण एवढंच की साहेब शांतपणे बोलले आणि मला "हो" म्हणणं सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही विचारलंत, "काय शिकवलं, बाई?"

"चाळण्या कशा धुवायच्या ते," मी म्हटलं.

"तेच्यासाठी दिसभर?" आणि हसलात.

साहेबांनी मास्कची खोकी आणली, खोटं कशाला बोलू. पातळ कापडाचे, दोन दोऱ्यांचे. त्यातून बारीक धूळ अडत नाही हे मला माहीत होतं. पुढं मी शहागंजातल्या एका दुकानातून जाड, रबराची कड असलेला एक आणला, तुमच्या हातात दिला आणि सुरू झालं आपलं दुसरं भांडण. ते कधी संपलंच नाही.

"श्वास कोंडतंय ह्यात. जिना चढवंना."

"तरी लावा."

"आमच्या बापानं मेंढरामागं जल्मभर धूळ खाल्ली. काय झालं तेला?"

"ती धूळ वेगळी, काका."

"वेगळी म्हंजी काय? कारण सांगा. चाळणीवर किती ऱ्हायलं ते आकड्यानं सांगता ना? तसं सांगा. पटलं तर लावतो."

मी आवाज चढवायचे. म्हणायचे, "मोठ्यांनी सांगितलेलं ऐकायचं असतं." तुम्ही माझ्यापेक्षा तेरा-चौदा वर्षांनी मोठे! तुम्ही हसून मास्क खुंटीला अडकवायचात. कारण मागत होतात, काका. नुसतं कारण. तुम्हाला पटवणं अवघड नव्हतंच कधी. झिजलेलं पातं दाखवलं की तुम्ही मिल बंद करणारे. एक फोटो दाखवला असता तर त्या खोलीत पाय ठेवला नसता तुम्ही. आणि तुम्ही ठेवला नसता तर इतरांनीही ठेवला नसता, कारण सगळे तुमच्या तोंडाकडं बघून काम करायचे. साहेबांनाही ते ठाऊक होतं.

पाच वर्षांनी मला शाळेत नोकरी लागली आणि मी निघून गेले. निरोपाच्या दिवशी तुम्ही गेटपर्यंत आलात. मी म्हटलं, "पॅकिंगला बदली मागून घ्या. मिलवर नका राहू." तुम्ही म्हणालात, "मिल सोडून मी काय करू? पोती मोजू?" बस आली. मी चढले. खिडकीतून ओरडून सांगता आलं असतं. बस बराच वेळ उभी होती.

मग मधली वर्षं. तुमची दिवाळीला चक्कर, माझ्या मुलीचं बारसं, तुमच्या लेकाचा, रामनाथचा, दहावीचा निकाल. कारखाना बंद पडला आणि तुम्ही वस्तीवर परत जाऊन दहा-बारा शेळ्या घेतल्याचं कळलं. मला बरं वाटलं. मनाला म्हटलं, सुटले. मोकळ्या हवेत गेले. डॉक्टर काय म्हणाले होते ते आठवत असूनही मी तसं म्हटलं.

एक दिवस शहागंजात तुम्ही भेटलात, घड्याळाच्या मनोऱ्याजवळ, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभे. मी आधी ओळखलंच नाही. गालफडं आत गेलेली. "टीबी निघाला, बाई," म्हणालात. "गोळ्या चालू हाईत." दोन वर्षांनी पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या. आणि खोकला जागच्या जागी. शेळ्यांमागं चालवेना म्हणून शेळ्या विकल्या. तेव्हाही मी म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा." तिथं काय सांगायचं, ते मात्र मी सांगितलं नाही.

या उन्हाळ्यात रामनाथचा फोन आला. तुम्हाला शहरात सरकारी दवाखान्यात आणलं होतं. मी शाळेतून परस्पर आले. ऑक्सिजनचं नळकांडं लावलेलं, तुम्ही उशांना टेकून बसलेले, कारण आडवं पडलं की दम कोंडत होता. पलंगाच्या कडेला पाय सोडून सून बसली होती. एक तरुण डॉक्टरीणबाई जुने कागद चाळत होत्या.

"व्यवसाय, पिठाच्या गिरणीत काम," त्यांनी वाचलं. "बरोबर ना?"

"व्हय, मिलमंदी," सून म्हणाली.

 इतकी वर्षं, प्रत्येक कागदावर, पिठाची गिरणी. तुम्ही प्रत्येकाला "मिलमंदी होतो" सांगितलं होतं आणि प्रत्येकानं ज्वारी-बाजरीची गिरणी धरली होती. मी पुढं झाले.

"पिठाची नाही," मी म्हटलं. "गारगोटीची. अगदी बारीक पूड व्हायची, तीनशे मेशच्या खालची. चौदा वर्षं. पिशव्यांच्या खोलीत हेच जायचे. मी तिथंच लॅबला होते."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी जुना फोटो पुन्हा उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. मग मला बाहेर नेऊन हळू आवाजात जे सांगितलं, ते मला तीस वर्षांपासून पाठ होतं.

आत आले तर तुम्ही माझ्याकडंच बघत होतात. मला वाटलं, आता विचारतील. मी तयारही होते. गेली कितीतरी वर्षं मी त्या एका प्रश्नासाठी तयार होते. तुम्ही विचारलं नाहीत. श्वास गोळा करत, एकेक शब्द सोडत म्हणालात,

"रामनाथला... सांगा. वाळूजला... मिलवरच हाय त्यो."

"सांगते, काका."

"नुसतं... मास्क लाव म्हणू नगा." थांबलात. सुनेनं पाणी पुढं केलं, ते हातानं बाजूला सारलंत. "कारणासकट... सांगा."

बस्स. मग डोळे मिटलेत. कारणासकट म्हणालात म्हणजे तुम्हाला कळलंच होतं. कधी कळलं? त्या दिवशी, की आधीच कधीतरी? खुंटीला मास्क अडकवताना हसायचात तेव्हा? हे मला आता कुणी सांगणार नाही. अकरा दिवसांनी तुम्ही गेलात. त्या अकरा दिवसांत मी चारदा आले. आपण जिजाच्या पोरांबद्दल बोललो, उन्हाबद्दल बोललो, दवाखान्यातल्या पाणचट वरणाबद्दल बोललो. एकदा तर तुम्ही मला हसवलंतही. कशावरून ते आठवत नाही.

तेराव्यानंतर रामनाथ कामावर रुजू झाला. मी पहिल्या रविवारी वाळूजला त्याच्या खोलीवर गेले. तुमच्यासारखाच दिसायला लागलाय, कपाळ तेच. माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. अभिमानानं सांगत होता, "मॅडम, आता आबांसारखं दातानं नाही बघत कुणी. लेझरचं मशीन आहे. सेपरेटरचं चाक किती फिरतंय ते समोर पडद्यावर दिसतं. जाड आलं की बसल्या जागी वेग वाढवायचा."

"आणि पिशव्या फाटल्या तर?"

"मग आत जावं लागतं."

"कोण जातं?"

 तो म्हणाला, "मीच जातो. बाकीच्यांना जमत नाही."

मी पहिल्यापासून सांगितलं. मोठे कण कुठं अडतात, बारीक कुठं जातात. गारगोटीचंच एवढं वाईट का. तुम्हाला टीबीच्या गोळ्या का लागू पडत नव्हत्या. कागदावर पिठाची गिरणी कशी लिहिली गेली. मला हे कधीपासून माहीत होतं, तेवढं सोडून. त्याच्या बायकोनं स्वयंपाक थांबवला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. रामनाथचं तोंड उतरत गेलं. सगळं सांगून झालं तेव्हा तो म्हणाला, "आबा शेवटी म्हणले होते, बाई येतील, त्या सांगतील ते ऐक. काय ते बोलले नाहीत." मग पुढं म्हणाला, "पण मॅडम, मला एकट्याला सांगून काय होणार? मी आत गेलो नाही तर दुसरा जाईल. तुम्ही तिथंच येऊन सांगा ना. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत. सुपरवायझर चांगला माणूस आहे, मी विचारतो."

मला नको म्हणायचं होतं. खरंच सांगते. गुडघे दुखतात, उन्हात डोकं धरतं. शिवाय आठवीच्या पोरांपुढं बोलणं वेगळं. आयुष्यभर जे सांगायचं टाळलं ते आता, या वयात, कशाला? रिक्षानं घरी येताना मी ठरवलंसुद्धा होतं की फोन करून तब्येतीचं कारण सांगायचं. केला नाही. करायला नंबर काढला होता.

परवा शनिवारी गेले. पत्र्याच्या शेडखाली डबे उघडून बसले होते सगळे, वीस-बावीस जण. चार-पाच बाया, पोती भरणाऱ्या, कोपरापर्यंत पांढऱ्या. आधी कुणाचं लक्ष नव्हतं. मी तुमच्यापासूनच सुरुवात केली. म्हटलं, रामनाथचे वडील माझ्याबरोबर कामाला होते, ते गेल्या महिन्यात वारले, ते कशानं वारले ते सांगायला आले आहे. मग हळूहळू हात थांबले. एकानं विचारलं, हवेच्या नळीनं कपडे झटकले तर काय होतं? मी सांगितलं, ती नळी आधी बंद करा. सुका झाडू बंद करा, जमीन ओली करून पुसा. छातीचा फोटो काढा आणि डॉक्टरांना गारगोटीचं काम करतो असं सांगा, नुसतं मिल म्हणू नका. कागदावर काय लिहिलं ते वाचून घ्या. पातळ कापडाचा मास्क चालत नाही, कसला चालतो तो मी आणून दाखवला. तो हातोहात फिरला. सुपरवायझर खांबाला टेकून ऐकत होता. मधेच त्यानं खिशातून डायरी काढली आणि लिहायला लागला.

बोलता बोलता माझा घसा सुकला. तेव्हा पुढं बसलेली एक बाई, माझ्याच वयाची असेल, डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली,

"बाई, हे तुमाला कव्हापासनं म्हाईत हाय?"

काका, सगळी शेड माझ्याकडं बघत होती. रामनाथही. मला तिथं काहीही सांगता आलं असतं. आत्ताच डॉक्टरांनी सांगितलं म्हणाले असते तरी कुणाला कळणार होतं?

"तीस वर्षांच्या वर झाली," मी म्हटलं. "मला सगळं माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही."

 मी रामनाथकडं बघू शकले नाही. खाली बघत होते, त्याच्या बुटांवर पांढरी पूड होती तेवढी दिसली. ते बूट वळले आणि शेडच्या बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. आता उठावं आणि रिक्षा बघावी. 

त्या बाईनं तिचा पाण्याचा गडवा माझ्या पुढ्यात सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "पाणी प्या. अन् आता आमाला समदं सांगा."